भाव आणि मोल

शेअरचा भाव वाढला म्हणजे कंपनीचे मोल वाढले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ख्रिस्ती कारभाऱ्याने हा समज तपासून पाहिला पाहिजे. कारण त्याच्या हाती असलेला पैसा त्याचा नव्हे, धन्याचा आहे.

चेन्नईचे उदाहरण घेऊ. तेथील पेंटामीडिया ग्राफिक्स या कंपनीने ‘पांडवाज्’ हा संगणकीय चित्रपट तयार केला. २००० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो इंग्रजी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. म्हणजे कारागिरांचे श्रम खरे होते. परंतु हा शेअर दलाल केतन पारेख यांच्या आवडत्या शेअरांत गणला जाई. मार्च २००१ मध्ये त्यांना अटक झाली, डोलारा कोसळला आणि भावही गडगडला. चित्रपट तोच होता. मग मोल कोठे गेले? ते त्या भावात कधी नव्हतेच.

‘ऑप्शन’चा भाव हीच गोष्ट अधिक उघडपणे सांगतो. ऑप्शन जमिनीच्या विसारासारखा असतो. ठरल्या भावाने शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क मिळतो, सक्ती नसते. हक्क वापरला नाही तर विसार बुडतो. ब्लॅक व शोल्स यांच्या १९७३ च्या सूत्रानुसार शेअर जितका चंचल, तितका विसार महाग. तो चढेल की पडेल, हे त्यातून कळत नाही. महाग ऑप्शन हे केवळ अनिश्चिततेचे माप होय. सट्ट्यावर तरंगणाऱ्या लहान कंपन्यांच्या शेअरवर आपल्या बाजारात ऑप्शन नसतात. पण तो शेअरच विसारासारखा वागतो. तोटा दिलेल्या रकमेइतका, आशा मात्र अमर्याद. आणि लोक त्या आशेचीच किंमत मोजतात.

मग धोका पत्करणे पाप आहे काय? नाही. रुपयांच्या दृष्टांतात धनी रागावतो तो पैसे पुरून ठेवणाऱ्यावर. विमा उतरवावा तसा ऑप्शन घेणाऱ्यास दोष देता येणार नाही. परंतु या व्यवहारात एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा असतो. सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. त्यांत आपले शेजारी आहेत, आपल्या मंडळीतील तरुणही असतील.

म्हणून पैसा गुंतवताना दोन प्रश्न विचारावेत. या भावाखाली कोणाचे श्रम आहेत? आणि माझा लाभ कोणाच्या अज्ञानावर उभा आहे? पहिल्याचे उत्तर मिळत नसेल आणि दुसऱ्याचे देताना मान खाली जात असेल, तर तो व्यवहार आपला नव्हे. धनी हिशेब मागेल, तेव्हा रुपये किती झाले याबरोबरच ते कोठून आले, हेही विचारील.