दंगल झाली, अहवाल आला

१९ मार्च १९३५. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर क्रेस नावाचं मोठं दुकान होतं. तिथे सोळा वर्षांच्या एका पोर्तो रिकन मुलाला दहा सेंटांचा चाकू उचलताना नोकरांनी पकडलं. झटापटीत तो त्यांना चावला. पोलीस आले आणि गर्दीच्या डोळ्यांत यायला नको म्हणून त्यांनी त्याला तळघरातून मागच्या बाजूला नेऊन सोडून दिलं. दुकानात खरेदीला आलेल्या बायकांनी मुलाला आत नेताना पाहिलं होतं, बाहेर येताना मात्र कोणीच पाहिलं नव्हतं. चावलेल्या नोकरांसाठी अँब्युलन्स आली आणि रिकामीच परत गेली. त्यात भर म्हणून एक शववाहिका जवळच येऊन उभी राहिली, तिच्या चालकाचं काम वेगळंच होतं. ‘पोराला मारून टाकलं’ ही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली. त्या रात्री शेकडो दुकानांच्या काचा फुटल्या, तीन माणसं गेली. मुलगा तोवर सुखरूप घरी होता.

म्हणजे अफवा धादांत खोटी. सरकारी वकिलांना एवढं पुरे होतं. त्यांनी खापर कम्युनिस्टांवर फोडलं, कारण त्या संध्याकाळी वाटलेल्या पत्रकांत त्यांचीही पत्रकं होती. पण महापौर ला गार्डिया यांनी चौकशी समिती नेमली आणि तिच्या संशोधनाची धुरा ई. फ्रँकलिन फ्रेझियर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाकडे आली. फ्रेझियर अफवेपाशी थांबले नाहीत. हार्लेमच्या लोकांनी ती लगेच खरी का मानली, हे त्यांनी शोधायला घेतलं. त्याच रस्त्यावरच्या ब्लूमस्टीन दुकानात गिऱ्हाइकं बहुतांशी कृष्णवर्णीय, पण त्यांच्या मुलींना विक्रेती म्हणून नोकरी मिळत नव्हती. त्यासाठी १९३४ मध्ये त्या दुकानावर बहिष्कार घालावा लागला होता, आणि पुढे न्यायालयानं दुकानांसमोरची निदर्शनंच बंद पाडली होती. काचा फुटल्या त्या अशा बाजारपेठेत. अहवालात नोकऱ्या, घरभाडं, शाळा, हार्लेमचं रुग्णालय आणि पोलिसांची मारहाण असं सगळं आलं. महापौरांनी तो प्रसिद्धच केला नाही. १९३६ मध्ये ‘ॲमस्टरडॅम न्यूज’ या हार्लेमच्या वृत्तपत्रानं तो छापला, तेव्हा लोकांना कळलं.

अमेरिकेतल्या शहरी दंगलींवरचा पुढचा सगळा वाद या एका प्रसंगात बीजरूपानं आहे. निमित्त तपासायचं की कारण? निमित्त खोटं किंवा क्षुल्लक निघालं की ‘गुंडांचा धुडगूस’ म्हणून फाइल बंद करता येते. कारणाच्या मागे गेलं की घरमालक, दुकानदार, नगरपालिका, पोलीस असं कोणीतरी अडचणीत येतं. कोणतं कारण मान्य होणार, हे बरेचदा त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल यावर ठरत आलं आहे.

हार्लेमच्या आधी वंशदंगल म्हणजे बहुधा गोऱ्या जमावानं कृष्णवर्णीय वस्तीवर घातलेला घाला. शिकागोत २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहणारी काही मुलं एका तराफ्यावरून वाहत ‘गोऱ्यांच्या’ किनाऱ्याकडे गेली. पाण्यात रेषा आखलेली नव्हती, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. दगडफेक झाली आणि यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा मुलगा बुडाला. दगड मारणाऱ्याला अटक करायला पोलिसानं नकार दिला. आठवडाभरात ३८ जण मेले, त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय. राज्यपालांनी सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय सदस्यांचा आयोग नेमला, आणि १९२२ मध्ये त्याचा साडेसहाशेहून जास्त पानांचा ग्रंथ बाहेर पडला. त्यातलं बरंचसं काम चार्ल्स जॉन्सन या तरुण संशोधकाचं. सुमारे पावणेचार वर्षांत मुख्यतः गोऱ्या वस्तीलगत घर घेणाऱ्या कृष्णवर्णीयांवर ५८ बॉम्ब टाकले गेले होते, ही नोंद त्यात आहे. घरांचा प्रश्न, नोकऱ्या, एकतर्फी पोलीस हे सगळं तेव्हाच कागदावर आलं होतं.

पण अशी समज एकदा आली म्हणून टिकत नाही. १९४३ मध्ये डेट्रॉइटमध्ये ३४ जण मेले. त्यांत २५ कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले १७ पोलिसांच्या गोळीनं गेले. राज्यपालांच्या समितीत पोलीस आणि सरकारी वकील यांचाच भरणा होता. समितीनं पोलिसांना दोष दिला नाही, उलट कृष्णवर्णीय पुढारी आणि त्यांची वृत्तपत्रं चिथावणीखोर ठरवली. दोन दशकांचा अभ्यास एका फटक्यात धुऊन निघाला.

ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात आग पेटली, ३४ जण मेले. चौकशी सोपवली गेली जॉन मॅकोन यांच्याकडे. ते सीआयएचे माजी प्रमुख आणि उद्योगपती. त्यांच्या आयोगानं बेकारी आणि शाळांची दुर्दशा मान्य केली, रुग्णालयाची शिफारस केली, आणि ते १९७२ मध्ये उभंही राहिलं. मात्र दंगलीत कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम दोन टक्के लोक होते, असा आयोगाचा हिशेब होता. म्हणजे मूठभर वाया गेलेली पोरं आणि दक्षिणेतून आलेले, शहरात न रुळलेले लोक. विद्यापीठीय संशोधकांनी वस्तीत फिरून विचारलं तेव्हा आकडा कित्येक पटींनी मोठा निघाला. दोन टक्के मवाल्यांचा बंदोबस्त पोलीस करू शकतात. मोठी संख्या मान्य केली तर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९६४ मध्ये घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा का उधळून लावला, यावर बोलावं लागतं.

मग १९६७ चा उन्हाळा आला. नेवार्कमध्ये २६ मृत्यू. डेट्रॉइटमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या जवानांसाठी एका बेकायदा दारूगुत्त्यात मेजवानी चालू होती. तिथे पहाटे धाड पडली आणि तिथून जे सुरू झालं त्यात ४३ जण गेले, लष्कर बोलवावं लागलं. गंमत अशी की डेट्रॉइट हे ‘आदर्श’ शहर मानलं जात होतं. मोटार कारखान्यांत बरा पगार, स्वतःची घरं असलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, उदारमतवादी महापौर, केंद्राचा भरपूर निधी. गरिबीमुळे दंगल होते, हे साधं सूत्र इथे लागू पडेना.

अध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे राज्यपाल ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांचा आयोग नेमला. सगळे मध्यममार्गी, त्यांत दोनच कृष्णवर्णीय. अशा मंडळींकडून मिळमिळीत अहवाल येईल, असाच अंदाज होता. पण ते वस्त्यांमधून हिंडले, आणि १९६८ मध्ये आलेल्या अहवालानं थेट गोऱ्या समाजाच्या वंशद्वेषाला जबाबदार धरलं. दंगेखोराचं त्यांनी काढलेलं चित्रही वेगळं होतं. तो बाहेरगावचा उपरा नसून त्याच शहरात वाढलेला तरुण असतो, दंगल न करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्तच शिकलेला असतो आणि हलक्या कामात अडकलेला असतो. कटाचा पुरावा सापडला नाही. तक्रारींच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोलीस, मग बेकारी, मग घरं. स्वस्त आवृत्ती लाखोंनी खपली. जॉन्सन यांनी मात्र अहवाल स्वीकारण्याचा समारंभदेखील टाळला.

मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी आयोगापुढे साक्ष देताना शिकागोच्या १९१९ च्या, हार्लेमच्या १९३५ व १९४३ च्या दंगलींच्या आणि वॉट्सच्या अहवालांची आठवण काढली होती. प्रत्येक वेळी तेच विश्लेषण, त्याच शिफारशी आणि तीच निष्क्रियता, असा त्यांचा सूर होता. आयोगानं ही साक्ष स्वतःच्या अहवालाच्या शेवटी छापली. हा प्रामाणिकपणा म्हणावा की हतबलता?

कर्नर अहवालाचं धाडस निर्विवाद आहे, पण त्यात एक पळवाटही राहिली. आतल्या पानांत शहराशहरांचा तपशील होता. गाजला तो गोऱ्या समाजावरचा ठपका. दोष सगळ्या समाजाचा ठरला की कोणत्याच कचेरीचा राहत नाही. टीकाकार तर टपलेलेच होते. एडवर्ड बॅनफील्ड यांनी १९७० मध्ये दंगली मुख्यतः मौज आणि लुटीसाठी होतात, असं मांडलं. त्याच वर्षी सीमोर स्पिलरमन यांनी आकडेवारीनं दाखवलं की एखाद्या शहरातली बेकारी किंवा घरांची अवस्था पाहून तिथे दंगल होईल की नाही, हे सांगता येत नाही. कृष्णवर्णीय लोकसंख्या किती मोठी, हेच त्यातल्या त्यात भाकीत करतं. बॅनफील्ड यांच्या पुस्तकाचा गवगवा झाला, तरी खरा पेच स्पिलरमन यांच्या निबंधानं टाकला होता. संताप देशभर सारखाच पसरला असेल तर शहराशहरांची तुलना करून त्याचं मूळ कसं हाती लागणार?

या घडामोडींचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचं पहिलं काम म्हणजे पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवणं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी दलित पँथर उभी केली तेव्हा नाव तिथून आलं. तिच्यामागेही एक सरकारी अहवाल होता. अस्पृश्यता आणि अत्याचारांवरचा इलयापेरुमाल समितीचा अहवाल सरकारनं थंडपणे घेतला, पण वडाळा-कामाठीपुऱ्याच्या पोरांनी त्यातल्या घटना मनावर घेतल्या.

१९९२ मध्ये लॉस एंजेलिस पुन्हा पेटलं तेव्हा काळा-गोरा हा साचाही अपुरा पडला. अटक झालेल्यांत निम्म्याहून जास्त लॅटिनो होते आणि जळालेल्या दुकानांत कोरियन दुकानदारांची कित्येक होती.

मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीनं मेला आणि गाव पेटलं. मार्च २०१५ मध्ये न्याय खात्यानं एकाच दिवशी दोन अहवाल दिले. पहिल्याप्रमाणे, ब्राउननं हात वर केले असताना गोळी झाडली ही सर्वतोमुखी झालेली कहाणी पुराव्यात टिकत नव्हती आणि पोलिसावर खटला उभा राहत नव्हता. दुसरा अहवाल मात्र पोलीस खात्याचे हिशेब उघडून बसला. गावाच्या तिजोरीत दंडाची वसुली २०१० मध्ये सुमारे १३.८ लाख डॉलर होती, २०१५ च्या अंदाजपत्रकात ती ३०.९ लाख धरली होती. जास्त चलनं फाडा, नाहीतर पुढच्या वर्षी वसुली वाढणार नाही, अशा अर्थाची पत्रं वित्त अधिकारी पोलीसप्रमुखांना पाठवत होते. कृष्णवर्णीय वस्ती ६७ टक्के, अटकेत त्यांचा वाटा ९३ टक्के. एका बाईला २००७ मध्ये चुकीच्या पार्किंगबद्दल १५१ डॉलर आणि वर शुल्क भरायचं होतं. तारखा चुकल्या, वॉरंट निघालं, सहा दिवस कोठडी झाली. सात वर्षांत तिनं ५५० डॉलर भरले आणि तरी ५४१ बाकी होते.

कर्नरच्या वेळी जो दोष सगळ्या गोऱ्या समाजावर जाऊन पसरला होता, तो इथे वित्त अधिकाऱ्याच्या पत्रात आणि वसुलीच्या रकान्यात सापडला. म्हणून तो नाकारणं अवघड होतं. २०१६ मध्ये फर्ग्युसननं न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणांचा करार केला. २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्यावर तिथल्या पोलीस खात्यासाठीही तसाच करार ठरला. मे २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारनं तो मागे घेतला. करारामागचा चौकशी अहवालच सदोष आकडेवारीवर उभा आहे, असं त्यासाठी सांगण्यात आलं.