पाहणे आणि पाणी : सरोवरकाठच्या प्रवाशाविषयी एक नैतिक प्रश्न

१

मराठीतील प्रवासवर्णनाची समीक्षा बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची विनोदबुद्धी आणि शैली यांचा विचार हे पहिले अंग. माहिती आणि लालित्य यांच्या प्रमाणाचा विचार हे दुसरे. प्रवासी जे पाहतो ते 'दृश्य' म्हणून पाहण्याची मुभा त्याला कोठून मिळते आणि त्या मुभेबरोबर काही बंधन येते काय, हा प्रश्न मात्र या दोन्ही अंगांच्या बाहेर राहिला आहे. हा प्रश्न साहित्यप्रकाराचा आहे, तितकाच नीतीचाही आहे.

प्रश्न नेमका मांडण्यासाठी एक स्थिती कल्पावी. जालना जिल्ह्यातील एक सुस्थित कुटुंब आल्प्स पर्वतातील एखाद्या लहानशा सरोवरकाठच्या शहरी जाते. फ्रान्समधील आन्सी हे तसे शहर आहे : सुमारे २७ चौरस किलोमीटरचे सरोवर, त्यातून निघून जुन्या वस्तीतून वाहणारी थियू नदी, भोवती डोंगर. हे कुटुंब ज्या जिल्ह्यातून आले तेथे वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही भरवशाचा नाही. १९७२चा दुष्काळ तेथील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून आहे. २०१२-१३मध्ये राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना झाली आणि टँकर हा तेथील दैनंदिन व्यवहाराचा शब्द झाला. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाने निळ्या पाण्याकडे पाहून निव्वळ आनंदित होणे नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय?

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार आहेत. पहिले उत्तर असे की, सौंदर्यानुभव स्वायत्त असतो, त्याला नीतीचा प्रश्न विचारणे ही कोटींची गल्लत होय. दुसरे असे की, टंचाईच्या जगात असा आनंद ही चैन आहे आणि प्रवाशाने निदान अपराधी तरी वाटून घ्यावे. ही दोन्ही उत्तरे अपुरी का ठरतात, ते पाहिले पाहिजे.

२

पहिल्या उत्तरामागे कांटचा आधार आहे. १७९०च्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये कांटने सौंदर्यविषयक आनंद हितसंबंधनिरपेक्ष मानला. वस्तू आपल्या उपयोगाची आहे किंवा नाही, ती आपल्याला हवी आहे किंवा नाही, याचा विचार त्या आनंदात नसतो. तेथे त्याने राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. असल्या डामडौलावर लोकांचा घाम वाया जातो, अशी तक्रार कोणी करील. ती तक्रार कांट मान्य करतो, परंतु प्रश्न त्याविषयी नाही असे म्हणून बाजूला ठेवतो. पुढे आणखी एक महत्त्वाची गोष्ट तो नोंदवतो. गरज भागल्यावरच कोणाला अभिरुची आहे आणि कोणाला नाही हे कळू शकते, कारण भुकेल्याला काहीही रुचते.

हा तपशील सिद्धान्तात दुय्यम असला तरी येथे कळीचा आहे. हितसंबंधनिरपेक्ष पाहणे शक्य होण्यापूर्वी तहान भागलेली असावी लागते, आणि तहान भागणे ही सौंदर्यशास्त्राबाहेरची घटना आहे. ती विहिरीने, नळाने, टँकरने किंवा कोणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्याने घडते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या आधारे सौंदर्यविचाराची जी मांडणी केली, तिच्या भाषेत बोलायचे तर, अलौकिकाच्या उंबरठ्यावर लौकिकाने आपले काम आधीच केलेले असते. अनुभव स्वायत्त असेल. त्याची पूर्वअट स्वायत्त नसते. म्हणून नीतीचा प्रश्न अनुभवाच्या गाभ्याला नव्हे, तर त्याच्या पूर्वअटीला विचारायचा आहे. असे केल्याने कोटींची गल्लत होत नाही.

३

शिवाय सरोवर हे 'दृश्य' आपोआप होत नाही. अठराव्या शतकापर्यंत आल्प्स हा युरोपीय प्रवाशाच्या लेखी मुख्यतः ओलांडण्याचा अडथळा होता. हालरची 'आल्प्स' ही कविता (१७३२) आणि त्यानंतर रूसोची 'ज्युली' ही कादंबरी (१७६१) यांनी तेथील डोंगरपाण्याला पाहण्याजोगे केले. हा रूसो १७२८मध्ये पोरवयात आन्सीलाच आला होता. मादाम द व्हारां यांची आणि त्याची पहिली भेट तेथे झाली. 'ज्युली'तील स्थळे जिनिव्हा सरोवराच्या काठी शोधायला वाचक येऊ लागले. १८१६मध्ये बायरन आणि शेली ते पुस्तक बरोबर घेऊन त्या सरोवरात फिरले. १८६३मध्ये टॉमस कुकने स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली, तेव्हा संहितेने निर्माण केलेली ही दृष्टी तिकिटाने मिळू लागली. प्रवासी सरोवर पाहतो तेव्हा तो पूर्वी वाचलेले पुन्हा वाचत असतो.

मराठी प्रवाशाकडे ही दृष्टी इंग्रजी शिक्षणातून आली, पुढे गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) यांसारख्या पुस्तकांतून ती मध्यमवर्गाच्या घरात पोचली आणि त्यानंतर हिंदी चित्रपटाने ती सर्वांची केली. शब्दयोजनेतही तिची खूण उमटली आहे. परदेशातील पाण्याला मराठी प्रवासवर्णन 'सरोवर' म्हणते, 'तळे' क्वचितच म्हणते. 'तळे' हा गावाचा शब्द आहे : त्यात गुरे उतरतात, कपडे धुतले जातात, त्याची मालकी आणि वहिवाट असते, त्यावरून भांडणे होतात. 'सरोवर' हा काव्यातून आलेला शब्द आहे. त्यात कमळे असतात आणि हंस असतात. पाणी भरणारे कोणी नसते. प्रवासी 'सरोवर' लिहितो तेव्हा पाण्याभोवतीचे सगळे सामाजिक संबंध त्याने नकळत वगळलेले असतात.

हे संबंध वगळणे मराठी जाणिवेला सहज परवडणारे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याचा अर्थ येथे ध्यानात घ्यावा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३मध्ये केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता. तरीही अस्पृश्य मानलेल्यांना ते तळे नुसते पाहता येत होते, पाणी घेता येत नव्हते. ज्यांना पाणी वर्ज्य आहे त्यांचे पाण्याकडे पाहणे हे हितसंबंधनिरपेक्ष पाहणे नव्हे. ती वंचना होय. पाण्याचा अधिकार ज्याच्याबाबत कधी वादात आला नाही, त्यालाच पाहण्याचा अधिकार स्वयंभू वाटू शकतो.

४

मग दुसरे उत्तर, म्हणजे अपराधभावाचे उत्तर, स्वीकारावे काय? तेही स्वीकारता येत नाही. अपराधभाव प्रवाशाला पुन्हा स्वतःकडेच वळवतो. सरोवर आणि जालना या दोहोंऐवजी त्याचे स्वतःचे संवेदनशील मन हा लेखनाचा विषय होतो. त्यामुळे टँकरच्या रांगेतील कोणाची खेप कमी होत नाही. याहून गंभीर आक्षेप असा की, या उत्तरात एक अव्यक्त गृहीतक आहे : दुष्काळी मुलखातील माणसाने गरजेपुरतेच जगावे, निष्प्रयोजन आनंद त्याला शोभत नाही. महाडचा संघर्ष तहानेपुरता नव्हता, तो माणूस म्हणून समान असण्याचा होता. समानतेत गरजेपलीकडच्या आनंदाचा वाटाही येतो. जालन्याच्या माणसाने सरोवर पाहून हरखून जाणे हा त्या वाट्याचाच भाग आहे.

मराठी प्रवासवर्णनात याखेरीज एक तिसरी, फार रुळलेली प्रतिक्रिया आढळते : 'तिकडे किती स्वच्छ, आणि आपल्याकडे!' ही तुलना वरवर नैतिक दिसते, कारण तिच्यात आत्मपरीक्षणाचा सूर असतो. प्रत्यक्षात ती विचार थांबवते. स्वच्छता हा तिकडच्या लोकांचा स्वभावगुण आणि अस्वच्छता हा इकडच्यांचा, असे ठरले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. वासाहतिक काळात राज्यकर्त्यांनी केलेली विभागणीच येथे पश्चात्तापाच्या भाषेत पुन्हा मांडली जाते.

आन्सीचा इतिहास या तुलनेला छेद देतो. विसाव्या शतकाच्या मध्यास हे सरोवर सांडपाण्याने खालावत चालले होते. पॉल सेर्व्हेताझ या स्थानिक डॉक्टरांनी त्याविरुद्ध सातत्याने जनमत तयार केले. १९५७मध्ये काठावरच्या गावांनी एकत्र येऊन संयुक्त मंडळ स्थापन केले. सरोवराभोवती सांडपाण्याच्या वाहिन्यांचे कडे उभारले गेले, जेणेकरून मैला सरोवरात न जाता शुद्धीकरणाकडे जावा. हे काम वर्षानुवर्षे चालले. आज युरोपातील सर्वांत स्वच्छ सरोवरांत आन्सीचा उल्लेख होतो आणि शहराचे पिण्याचे पाणीही त्यातून घेतले जाते. म्हणजे प्रवासी ज्याला निसर्ग समजून पाहतो, तो ठराव, वर्गणी, खोदकाम आणि देखभाल यांचा परिणाम आहे. छायाचित्रात निळाई येते, गटारवाहिनी येत नाही.

हे कळल्यावर जालन्याशी होणाऱ्या तुलनेचे स्वरूप बदलते. कुंडलिका नदीवरील घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीत बांधला गेला. त्याचे पाणी उताराने शहरात येत असे. पुढे तो गाळाने भरत गेला, आणि दुष्काळाच्या वर्षांत नागरिकांच्या पुढाकाराने त्यातील गाळ काढला गेला. शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या केल्या. तेथेही बाहेरचे लोक 'पाहायला' येतात. त्यांच्या येण्याला मराठीत पर्यटन न म्हणता 'पाहणी' म्हणतात. पाहणी करणारा विचारतो : हे कसे केले, खर्च किती आला, कोणाला मिळाले, कोणाला नाही? हे प्रश्न आन्सीच्या काठावरही विचारता येतात, परंतु प्रवासवर्णनाच्या संकेतव्यवस्थेत त्यांना जागा नसते.

'पाहणी' या शब्दाचीही एक काळी बाजू आहे, हे विसरता येत नाही. दुष्काळात जालन्यासारख्या जिल्ह्यात पाहणी पथके येतात, करपलेल्या पिकात उभे राहून छायाचित्रे घेतली जातात आणि पथके परत जातात. तेव्हा पाहिला जाणारा शेतकरी स्वतःच दृश्य झालेला असतो. म्हणून पाहणी हा शब्द आपोआप पुण्यप्रद ठरत नाही. पाहणाऱ्याने पाहिलेल्याशी पुढे कोणता संबंध ठेवला, यावर त्याचे मूल्य ठरते.

५

संबंध न ठेवता केवळ दृश्य उचलल्यास काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळ मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी 'लवासा' ही नगरी इटलीतील पोर्तोफिनो या बंदराच्या धर्तीवर उभारली गेली. २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. येथे रंगीत दर्शनी भिंती आणल्या गेल्या. त्या ज्या नागरी जीवनातून आल्या, ते आणता आले नाही. शेजारच्या खोऱ्यातील मुळशीचे पाणी आज सहलीचे ठिकाण आहे. त्या पाण्याखाली गावे आहेत आणि ती बुडू नयेत म्हणून १९२१पासून सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी लढले, हे काठावरच्या सहलीत कोणाला आठवावे लागत नाही. महाराष्ट्रातील मोठे जलाशय बहुतांशी धरणांचे आहेत. जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागाला कालव्याचे आणि जालना शहराला पिण्याचे पाणी देणारा नाथसागरही त्याला अपवाद नाही. अशा पाण्याकडे निव्वळ दृश्य म्हणून पाहणे शक्य होते ते विस्मरणाच्या बळावर.

येथे मराठी गद्याच्या परंपरेतच दुसरा एक धागा आहे, त्याचे स्मरण उचित ठरेल. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये अमेरिकेवर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' असे आहे. प्रवासवृत्ताच्या आधी लोकस्थिती येते, हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधीच्या पिढीतील गोडसे भटजी १८५७च्या सुमारास उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून. गरजेने निघालेल्या या माणसाच्या 'माझा प्रवास'मध्ये (१९०७) पाहणे आणि जगणे वेगळे काढता येत नाही. नंतरच्या ललित प्रवासवर्णनाने शैलीची संपन्नता आणली, हे खरे आहे. परंतु त्या व्यवहारात लोकस्थिती मागे पडली, हेही तितकेच खरे आहे.

यावरून काढता येणारा निष्कर्ष मर्यादित असला तरी निश्चित आहे. सरोवर पाहून आनंदित होण्यात दोष नाही. त्या आनंदाला निसर्गाची किंवा वंशस्वभावाची देणगी मानून त्यामागचे श्रम, ठराव आणि बुडालेली गावे अदृश्य करण्यात दोष आहे. प्रवाशाने भाषेत 'सरोवर' ठेवावे, परंतु 'तळे' पुसू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. समीक्षेपुरते बोलायचे तर प्रवासवर्णनाला आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागेल : या लेखनातील पाणी कोण भरते, कोण राखते आणि कोणाला ते मिळत नाही? ज्या लेखनात या प्रश्नाला कोठेच जागा सापडत नाही, त्यातील लालित्य खरे असू शकते. पण ते ज्या पूर्वअटीवर उभे आहे तिचे भान त्याला नाही, असे समीक्षेने स्पष्टपणे नोंदवावे.