तुटलेलं टोक

मे संपत आला की जळगाव-धुळ्यात पावसाआधीची छाटणी सुरू होते. छपरांवर वाकलेले निंब, रस्त्याकडेच्या चिंचा. वर करवत घेऊन एक जण, खाली दोर धरून दुसरा. लोक वरच्याकडे बघतात. खरा कस खालच्याचा.

फांदी नुसती लटकली, तर दोरावर तिच्या वजनाइतकाच भार येतो. हातभर कोसळून अडली, की त्या हिसक्याने तो कितीतरी पट वाढतो. त्यात गाठीपाशी दोर कमजोर, उन्हाने नायलॉन ठिसूळ झालेला. म्हणून जाणता गडी बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन दोर हळूहळू सोडतो.

तरीही कधी फांदी पडते, पत्रे चेपतात. मग ‘दोरच खराब होता’ म्हणत तुकडा फेकला जातो. ही घाई मला खटकते. टोक बघा ना! तंतू पिंजलेत, तर दोर बहुधा सालीवर घासत होता. वितळून चकचकीत झालं, तर बहुधा नायलॉन नायलॉनवर घासला. टोक शाबूत असेल, तर दोर तुटलाच नाही, गाठ सुटली. मग गाठ मारणाऱ्यालाच विचारायचं, “कशी मारली होती भाऊ, दाखव बरं.” मुकादम आधीच शिव्या देऊन बसला असेल, तर तो भलतीच गाठ मारून दाखवेल.