फुटलेल्या पाट्या



एलूल महिना लागला, पहाटेच्या सलीहोतला शोफार कानी पडला, की मन आपोआप वर्षाचा हिशेब मांडू लागते. यंदा माझा हिशेब एका 14 वर्षांच्या मुलाने सुरू करून दिला.

बेर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद येथे आपल्या लोकांनी हिंदुस्थानातून येताना क्रिकेटची आवडही बरोबर आणली, हे आपण जाणताच. आमच्या शेजारचा हा मुलगाही खेळतो. एका सामन्यात त्याच्या हातून सोपा झेल सुटला आणि त्याच फलंदाजाने पुढे सामना जिंकला. दुसऱ्या दिवसापासून मुलगा मैदानाचे नाव काढीना. त्याची आजी माझ्याकडे आली. म्हणाली, “मास्तर, दोन शब्द सांगा त्याला. तुमचं ऐकेल.”

मी गेलो. अर्ध्या हिब्रूत, अर्ध्या मराठीत तो म्हणाला, “झेल सुटला त्याचं वाईट वाटतंच. पण चेंडू पुन्हा माझ्याकडे आला तर? तेव्हा मी काय करू?”

बंधूंनो, आयुष्यभर मुलांना शिकवले, पण त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. कारण मला दुसराच एक मुलगा आठवला. मुंबईत मी नवा शिक्षक असताना आंतरशालेय रिले शर्यतीत त्या मुलाच्या हातून बॅटन पडला. तो खाली वाकला, उचलला आणि शेवटपर्यंत धावला. धापा टाकीत माझ्यापुढे उभा राहिला तेव्हा मी सर्वांसमक्ष म्हणालो, “तुझ्यामुळे शाळा हरली.” त्यानंतर तो कधी मैदानावर उतरला नाही. बॅटन पडणे ही त्याची चूक. ती त्याने तिथल्या तिथे उचलून भरून काढली होती. तो कायमचा मैदानाबाहेर गेला, ती चूक माझी.

चार माणसांत एखाद्याचा चेहरा उतरवणे म्हणजे त्याचे रक्त सांडण्यासारखे आहे, असे आपले रब्बी ताल्मूदात सांगतात. हे मी तरुणपणी वाचले होते, पण मला कळले नव्हते.

आता या महिन्याचीच कथा पाहा. सोन्याचे वासरू पाहून मोशे रब्बेनूने दहा आज्ञांच्या पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या. परंपरेप्रमाणे तो दिवस तम्मूझची 17 तारीख. सर्व इस्राएलाच्या हातून याहून मोठी चूक ती कोणती? तरी गोष्ट तिथे संपली नाही. एलूलच्या आरंभी मोशे पुन्हा सीनाय पर्वत चढला आणि 40 दिवसांनी, योम किप्पूरला, दुसऱ्या पाट्या घेऊन उतरला. आपले वाडवडील ज्याला दारफळणीचा सण म्हणत, त्याच दिवशी.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिल्या पाट्या परमेश्वराने स्वतः घडवल्या होत्या. दुसऱ्यांसाठी दगड तासण्याचे काम त्याने मोशेला सांगितले. म्हणजे चुकीनंतर दुसरी संधी मिळते, पण तिचा दगड आपणच तासायचा असतो. दुसरी गोष्ट रब्बींनी सांगितली आहे. फुटलेल्या पाट्यांचे तुकडे कुणी रानात टाकून दिले नाहीत. ते अखंड पाट्यांबरोबर त्याच पवित्र कोशात ठेवले आणि इस्राएलाने ते बरोबर वाहून नेले.

हे मैदानावरही खरे ठरते. 1986 च्या एप्रिलमध्ये शारजाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर 4 धावा हव्या होत्या. 20 वर्षांच्या चेतन शर्माला यॉर्कर टाकायचा होता. पडला फुलटॉस, आणि मियाँदादने षटकार मारला. तो षटकार लोक अजून विसरलेले नाहीत. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीत याच चेतनने 10 बळी घेतले. 31 ऑक्टोबर 1987 रोजी नागपुरात न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांचे त्रिफळे त्याने लागोपाठ उडवले. विश्वचषकातील ती पहिली हॅट्‌ट्रिक. शारजाचा चेंडू काही पुसला गेला नाही. तो बरोबर घेऊनच तो नागपूरला धावत आला.

आणि आपल्या लिनोय अश्रामचे पाहा. 7 ऑगस्ट 2021 शब्बाथ होता, म्हणून आम्ही तिचा खेळ रात्री हवदाला झाल्यावर पाहिला. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये तिच्या अगदी शेवटच्या कसरतीत हातातली फीत निसटून जमिनीवर पडली. सारे जग पाहत होते. तिने फीत उचलली आणि पुढची उडी घेतली. 0.15 गुणांनी सुवर्णपदक तिचे झाले. ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली इस्राएली स्त्री. त्या क्षणी ती झालेल्या चुकीचा विचार करीत उभी राहती, तर पुढची चूकही ठरलेलीच होती. कारण भ्यालेला हात ताठ होतो आणि ताठ हातात झेल बसत नाही.

आपल्या प्रार्थनामंदिरात काय घडते तेही आठवा. सेफेर तोरा वाचताना वाचणाऱ्याचा शब्द चुकला की मंडळी लगेच बरोबर शब्द सांगतात. तो मागे जातो, शब्द नीट म्हणतो आणि पुढे वाचू लागतो. त्याला कुणी तेवाहवरून खाली उतरवीत नाही. चूक दुरुस्त करायची, पण माणसाला उभे राहू द्यायचे. ही रीत आपण मंदिरात पाळतो. मग घरात, वर्गात, मैदानावर का विसरतो?

हेच मी त्या मुलाला सांगितले. “चेंडू पुन्हा आला तर तो नवा चेंडू आहे. सुटलेला झेल विसरू नकोस, पण तो हातात धरून उभाही राहू नकोस. त्याला तुकड्यांच्या जागी ठेव. तोवर रोज 50 झेल घे. दगड तासायचा तो असा.”

पुढच्या सामन्याला तो गेला. झेल घेतला की सोडला, हे मी मुद्दामच विचारले नाही.

राहिला माझा हिशेब. माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची क्षमा मागितल्यावाचून योम किप्पूरलाही फिटत नाही. त्या धावणाऱ्या मुलाचा ठावठिकाणा मला लागलेला नाही. आज तोही आजोबा झाला असेल. हे पान त्याच्या हाती पडले, तर त्याने एवढे वाचावे: बाळ, शाळा तुझ्यामुळे हरली नव्हती. तू बॅटन उचललास, हे मी पाहिले होते. मला क्षमा कर.

आणि वाचकहो, तुमच्याही घरी असा कुणी दार लावून बसला असेल, तर शोफार वाजण्याच्या या दिवसांत ते दार ठोठवा. परमेश्वर आपणा सर्वांना पडल्यावर उठण्याचे आणि पडलेल्याला उठवण्याचे बळ देवो. आमेन.