पाया पडण्याआधी

मनात कोणाविषयी किल्मिष ठेवून देवाला हाक मारली, तर ती पोहोचते का? प्रश्न जुनाच आहे. त्याचे एक रोकडे उत्तर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथात आहे.

मेनो सायमन्स हे नेदरलँड्समधले कॅथलिक धर्मगुरू. १५३६ साली त्यांनी ते पद सोडले. त्यांच्या नावाने चालणारा हा पंथ शस्त्र हाती न धरण्याची शिकवण देतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात या पंथाच्या जुन्या वळणाच्या मंडळ्या आहेत. तेथे प्रभुभोजनाचा विधी वर्षातून दोनदा होतो. त्याआधी सभा भरते. ‘मी देवाशी आणि मंडळीशी सलोख्याने आहे,’ असे प्रत्येकाने सांगायचे. भांडण असेल तर आधी मिटवायचे. दुही राहिली तर विधीच लांबणीवर पडू शकतो. विधीनंतर जोडीजोडीने ते एकमेकांचे पाय धुतात.

वारीत आपणही लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. पण माझेच सांगतो. एका टाळकऱ्याशी माझा कित्येक वर्षे अबोला होता. दर आषाढीला मी त्याच्या पाया पडलो, तोही माझ्या पडला. कपाळ टेकले, अहंकार ताठच राहिला. मला शहाणपण सुचले तेव्हा तो वैकुंठवासी झाला होता.

भजनात पूर्वीसारखे मन रमत नाही, अशी तक्रार आपण करतो. तेव्हा माउली, आठवून पाहावे, कोणाशी बोलणे थांबले आहे? प्रस्थानाआधी त्याच्या दारी जाऊन यावे. पुंडलिकासाठी थांबलेला पांडुरंग तेवढा वेळ विटेवर थांबेल.

रामकृष्ण हरी!