दोष कुणाच्या पदरी?

आमच्या मोहल्ल्यात सात वर्षांचा एक मुलगा आहे. हाक मारली तर वळून पाहत नाही. पण गल्लीत रिक्षा उभी राहिली की तिच्या चाकाजवळ तासभर बसून असतो. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून ओरडतो. त्याच्या आईला आम्ही काय काय ऐकवले नाही! कुणी म्हणाले नजर लागली, कुणी तावीज आणून दिला, कुणाला तिचे ग्रहणात बाहेर पडणे आठवले. डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले तरी आमचा निकाल बदलला नाही : आईचे लक्ष नाही.

हा अडाणीपणा म्हणून सोडून द्यावा, तर शिकल्यासवरलेल्यांनीही हेच केले आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून ही अवस्था मांडली. ती जन्मजात असावी असे त्यांनीच लिहिले. आईबापांत माया कमी दिसते, हेही त्यांनीच. पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे खोडून काढले. तरी १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी पुस्तक लिहून पुन्हा आईबापांनाच, त्यातही आईला, आरोपी केले. आज शास्त्र सांगते की मेंदूची जडणघडणच वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या मायेचा संबंध नाही. लसीचाही नाही, तशी शंका पसरवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. (आमच्याकडे ती शंका अजून फिरते आहे.)

मग आम्हाला दोषी का हवा असतो? आम्हाला वाटते, दोषी सापडला की बाकीचे मोकळे होतात. चूक आईची ठरली, म्हणजे तिचे मूल तासभर सांभाळायला कुणी जायला नको. तिला 'सब्र कर' म्हटले की झाले. सब्र सगळा तिनेच करायचा!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे, प्रमाणपत्रही मिळते. जुम्याच्या सफेतली जागा त्याने मिळत नाही. मागच्या रमजानात बाप त्याला मशिदीत घेऊन आला होता. सजद्याच्या शांततेत मुलगा खळखळून हसला. सलाम फेरल्यावर सगळ्यांनी मागे वळून पाहिले. आम्हीही पाहिले. कुणी काही बोलले नाही. त्यानंतर बापलेक आले नाहीत, आणि त्यांच्या दारापर्यंत विचारायला आमच्यातले कुणी गेले नाही.