जोड कोणाचा?

गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या गंजीआड, आमची एक गाडी 1995 च्या आखाजीपासून उभी आहे. तिला नंबर नाही, टप नाही, दरवाजे नाहीत. दोन सीटा, मागे इंजिन आणि बाकी सगळी नळी. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, मांजर व्यालं, एका पावसाळ्यात नागही निघाला. भंगारवाला दर वर्षी दारात उभा राहून भाव विचारतो, आणि मी दर वर्षी त्याला चहा पाजून परत पाठवतो.

गेल्या दिवाळीत भाचा आला. चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे. कसं कोण जाणे, कडबा बाजूला सारून गाडीपर्यंत पोचला आणि ओरडला, "मामा, ही तर ड्यून बगी आहे! मला द्या. मी चालू करतो."

बोलताना त्याने हात लांब केला होता. डावा. तो हात कोपरात पुरता सरळ होत नाही. ते याच गाडीमुळे झालं. सात वर्षांचा होता तेव्हा. त्याला ते फारसं आठवत नाही. मला रोज आठवतं.

आमचं गाव गिरणेच्या काठी, भडगावच्या बाजूला. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळू. पलीकडच्या मळ्यात जायचं तर बैलांच्या तोंडाला फेस यायचा. लोखंडी धावेचं लाकडी चाक वाळूत रुततं, टायरगाडी मात्र निघून जाते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. चाक रुंद पाहिजे, वजन हलकं पाहिजे आणि टायरात हवा थोडी कमी पाहिजे, म्हणजे रबर पसरतं आणि वाळूवर बसतं.

मी तेव्हा धुळ्याला आयटीआयला फिटरचा कोर्स करत होतो. भंगारात अपघाताची एक रिक्षा मिळाली, मागे इंजिन असलेली. तिचा पुढचा भाग चेपला होता, पण इंजिन, गिअर आणि मागची दोन्ही चाकं शाबूत. मी आणि चुलतभाऊ तिचा मागचा अर्धा भाग ट्रॉलीत घालून गावी घेऊन आलो. मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन रिंगा जोडून जोडचाक केलं. पुढे स्कूटरची दोन चाकं. सांगाड्याला विहिरीवरचा जुना पाण्याचा पाइप. गावात वेल्डिंगचं मशीन एकच, जिभाऊ मिस्तरींचं. वखराच्या पासापासून ट्रॉलीच्या हुकापर्यंत सगळं गाव त्यांच्याकडून सांधून घ्यायचं. त्यांनी आमचा सांगाडा बघितला, बिडी विझवली आणि विचारलं, "वेल्डिंग तुले येस का?" मी हो म्हणालो. त्यांनी होल्डर माझ्या हातात दिला.

गाडी बनवण्यात एवढं वेड लागण्यासारखं काय असतं, हे मला भाच्याने मोबाइलवर दाखवलेल्या गोष्टीतून नव्याने कळलं. अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, ब्रूस मायर्स नावाचा बोटी बांधणारा माणूस होता. 1964 साली त्याने बोटीचं फायबर ग्लास आणि फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग एकत्र आणून वाळूत पळणारी गाडी केली. नाव ठेवलं मेयर्स मँक्स. बीटलचं इंजिन मागे असतं, त्यामुळे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं. नंतर तो सुटे भाग विकू लागला. लोक जुन्या बीटलचा तळ फूटभराहून जास्त कापून आखूड करायचे आणि घरच्या अंगणात आपली आपण गाडी जोडायचे. 1967 मध्ये तो आणि त्याचा जोडीदार मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटातून ला पाझ ते तिह्वाना पस्तीस तासांच्या आत पोचले आणि मोटारसायकलचा जुना विक्रम मोडला.

पन्नास-साठ वर्षं झाली, तरी लोक त्या गाड्या शोधून काढतात, गंज खरवडतात, पुन्हा जोडतात. त्यांना चांगली मोटार विकत घेणं परवडत नाही असं थोडंच आहे? पण विकतच्या मोटारीचं बॉनेट उघडलं तर आत आपलं काही नसतं. या गाडीत सगळं उघडं. कुठली नळी कशाला धरून आहे, ते बसल्या जागेवरून दिसतं. आमच्या गाड्याची पहिली चक्कर मी मारली तेव्हा वाळू उडून तोंडात गेली होती, कानठळ्या बसल्या होत्या, आणि तरी मला वाटलं होतं की ही गाडी मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. पलीकडच्या काठावर टरबुजाची वाडी राखणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन्ही बनाडी रे हाई?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मन्ही शे!"

त्या "मन्ही शे" या दोन शब्दांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मायर्सच्या गाडीची नक्कल झाली. त्याने पेटंट घेतलं होतं, पण कोर्टात ते टिकलं नाही. त्याच्या कंपनीने काही हजार गाड्यांचं सामान विकलं असेल. नकला त्याच्या कितीतरी पट झाल्या. पुढे कंपनी बंद पडली. माणूस दुखावला. 2021 मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला, तोवर लोकांनी पुन्हा मान दिला होता. आपल्याकडेही हे घडतंच. शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या पुढच्या भागापासून कोळपं केलं, 'कृषीराजा'. बैल परवडत नाहीत त्या कोरडवाहू माणसाला एकट्याने निंदणी-कोळपणी करता यावी म्हणून. आज खान्देशात कुठल्याही बाजाराच्या गावी जा, वेल्डिंगच्या दुकानापुढे सायकल-कोळपी टेकवलेली दिसतात. घेणाऱ्याला विचारा कोणी काढलं, तर तो दुकानदाराचं नाव सांगेल.

श्रेय कोणाचं, यावर आपण तावातावाने बोलतो. कोर्टापर्यंत जातो. जाऊही नये असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "हे मी केलं" असा हक्क सांगायला माणसं रांग लावतात. "हे मी केलं" अशी कबुली द्यायला कोणी कधी कोर्टाची पायरी आपणहून चढलेलं मी पाहिलं नाही. वाक्य तर तेच आहे.

आता आखाजीची गोष्ट सांगतो.

आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, घागर भरली जाते. माझी थोरली बहीण पोराला घेऊन आली होती. तिला आणि साऱ्या गावाला गाडी दाखवायची, म्हणून आदल्या रात्री मी पुढच्या आसाचे दोन जोड पुन्हा मारले. नळी होती जस्ताचा मुलामा असलेली. अशा नळीवर वेल्डिंग करायचं तर आधी जोडाजवळचं जस्त घासून काढावं लागतं. नाही काढलं तर ते जळतं, पांढरा धूर निघतो, माणसाला ताप भरतो आणि जोडात बुडबुडे राहतात. वरून टाका छान दिसतो, आत मात्र तो जाळीदार असतो. हे मला शिकवलं होतं. मला पाठ होतं. डावा जोड मी कानसीने घासला. तोवर रात्रीचे अकरा वाजले, लाइट जायची वेळ झाली. उजवा तसाच मारला. धूर निघाला. मी तोंडाला रुमाल बांधला आणि मनात म्हणालो, वाळूत तर चालवायची आहे, काही होत नई.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा माझ्या बाजूला बसला होता. जोर फारसा नव्हता. एका घळीत पुढचं उजवं चाक आपटलं आणि आस जोडातून तुटला. चाक आत दुमडलं, गाडी उजवीकडे बसली आणि तिथूनच उलटली. माझं खांदाभर सोललं. पोराचा डावा हात नळीखाली आला.

हाड जुळलं. कोपर पुरता सरळ होत नाही, एवढंच राहिलं. बहीण मला एका शब्दाने बोलली नाही. गाव मात्र बोललं, आणि गाव बोललं जिभाऊंना. मिस्तरीने टाका कच्चा मारला. आता नजर गेली त्याची. त्या पावसाळ्याआधी ट्रॉलीच्या हुकांची, पेरणीच्या अवजारांची कामं लोकांनी शेजारच्या गावाला नेली. मशीन त्यांचं, दुकान त्यांचं, म्हणून जोडही त्यांचाच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पण मी त्यांना अडवलंही नाही.

आठवडाभराने मी दुकानावर गेलो. जिभाऊंच्या हातात तो तुटलेला आस होता. त्यांनी तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. आतली छिद्रं आणि कडेची पांढरी राख त्यांना दिसली नसेल हे शक्यच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पुढला टाईमले जस्त घासी काढजो, भो." आणि आस माझ्या हातात दिला. त्यांनी गावात कोणाला काही सांगितलं नाही. मी पण नाही. पुढे कामं हळूहळू परत आली. गाव विसरलं. जिभाऊ वारले त्याला बारा वर्षं झाली.

मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली. म्हटलं, त्यांचंही थोडं चुकलंच ना? एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात होल्डर दिला, जोड तपासला नाही. कदाचित म्हणूनच ते गप्प राहिले असतील. आपल्या वाट्याचं त्यांनी उचललं. पण त्यांनी आपल्या वाट्याचं उचललं, म्हणून माझ्या वाट्याचंही त्यांच्या डोक्यावर ठेवायचा अधिकार मला कुठून मिळाला? ओझं वाहणारा तक्रार करत नाही, यावरून ओझं त्याचंच होतं असं ठरत नाही.

2021 च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गाडी सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. जुन्या गाड्यांच्या भागांतून साठेक हजारांत केलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही नियमात बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. 2022 च्या जानेवारीत अदलाबदल झाली. आमच्या पारावर तेव्हा चर्चा रंगली. निम्मे म्हणाले नशीब उघडलं, निम्मे म्हणाले हाताने केलेली गाडी द्यायला नको होती. सरकारी नियमांवर सगळेच तोंडसुख घेत होते. माणूस डोकं चालवतो आणि कायदा आडवा येतो, असं.

मी गप्प होतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम कंपनीने केलेल्या गाडीत मनाने फेरफार करायला मनाई करतं, आणि त्याचा जाच होतो हे मलाही मान्य आहे. पण नोंदणी, तपासणी, शिक्का या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: उद्या जोड तुटला तर तो कोणाचा होता? रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला तुमच्या हौसेशी घेणं नाही. त्याला ते उत्तर हवं असतं. कारागिराकडे मान मिळवायला नाव असतं, तर तेच नाव या उत्तरालाही द्यावं लागेल. लोहारांनी तर आपली गाडी चारचौघांसमोर चालवून दाखवली, ही मी केली म्हणून. मी माझी कडब्याआड ठेवली.

मी गाडी का मोडीत काढली नाही, याचं उत्तर मी लोकांना सांगतो ते हौसेचं. तेही खोटं नाही. आजही तिच्या नळीवर हात ठेवला की ती पहिली चक्कर आठवते. पण खरं कारण तो उजवा आस आहे. गाडी भंगारात गेली असती तर तो वितळला असता आणि माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी उरलं नसतं. ती साक्ष ठेवायचंही धैर्य होतं माझ्यात, वाचायचं नव्हतं.

भाच्याने गाडी मागितली तेव्हा मी त्याला चहा घेऊ दिला. मग शेडच्या आढ्यावरून फडक्यात गुंडाळलेला आस काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. जस्त, अकरा वाजले, रुमाल, जिभाऊ. तो कारखान्यातला माणूस. त्याने टोक उजेडात धरलं, छिद्रांत नख घालून पाहिलं. मला वाटलं हसेल, म्हणेल, मामा, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात. तसं म्हणाला असता तर मी किती सुटलो असतो.

तो म्हणाला, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"आणि जिभाऊंच्या घरी?"

जिभाऊंचा मुलगा त्याच दुकानात बसतो. आठवड्यातून दोनदा मी त्याच्यापुढून जातो. मी मान हलवली.

त्याने आस परत फडक्यात गुंडाळला आणि माझ्याकडे दिला. "आधी त्यांना सांगा, मामा. गाडीचं मग बघू."

दुकान घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तो आस घेऊन निघालो आणि पोचलो. मुलाने सगळं ऐकून घेतलं. काही बोलला नाही. आस मात्र ठेवून घेतला. मी मागितला नाही. बहीण आखाजीला येणार आहे.